सातव्या लेव्हलमधला अंधार

कपड्यांच्या त्या कारखान्यात शिलाईची एकशे चाळीस मशिनं, आणि एकशे चाळिसांवर मिळून एक मिस्त्रीण. सगळे तिला मिस्त्रीणबाईच म्हणतात. एखादीचं मशीन कुरकुरायला लागलं की ती हात वर करते, आणि मिस्त्रीणबाई खांद्याला पिशवी अडकवून रांगेतून वाट काढत येते. काय झालंय म्हणून विचारत नाही. "चालव," एवढंच म्हणते. मग लांब पेचकसाचं टोक मशिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. शेजारच्या बायका म्हणतात, डॉक्टरसुद्धा एवढा वेळ छाती ऐकत नाही.

आणखी एक खोड तिला आहे. बिघाड कळला तरी तोंडातून अक्षर काढत नाही. सुपरवायझर डोक्याशी येऊन उभा राहतो, "अहो, नुसतं सांगा तरी काय झालंय!"

"सांगत नसते मी. दाखवते."

मशीन उघडून, झिजलेला भाग चिमटीत धरून टेबलावर ठेवला की मगच म्हणते, "हे झालं होतं." हातात पुरावा आल्याशिवाय बोलायचं नाही, हे तिनं अकराव्या वर्षी ठरवून टाकलं. त्याला कारण झंझावात.

झंझावात म्हणजे दर रविवारी सकाळी टीव्हीवर येणारा महावीर. निळा मुखवटा, पाठीवर पिवळं फडकं. त्यानं शीळ घातली की वादळ यायचं आणि शहरातला उजेड गिळणाऱ्या काळोख्याची दाणादाण उडायची. त्या काळात एकाही घरातला टॉवेल जागेवर सापडत नसे, सगळे पोरांच्या गळ्यात. प्रत्येक भागाच्या शेवटी झंझावात आपल्याकडे पाठ करून मुखवट्याला हात घालायचा, वर उचलायचा, आणि नेमक्या तेव्हाच नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या. चेहरा कधी दिसला नाही. मग एके रविवारी मालिकाच बंद झाली. पोरं दिवसभर न जेवल्यासारखी हिंडली.

पुढे वर्षभरानं त्याच्यावरचा व्हिडिओ गेम आला. कॅसेटच्या खोक्यावर छापलं होतं, 'सातही लेव्हल पार करा आणि पाहा मुखवट्यामागचा चेहरा!' झालं. गावभरची पोरं बोटांना घट्टे पडेपर्यंत बटणं दाबत बसली. सहावीपर्यंत बरेच पोचले. सातवी सुरू झाली की मात्र पडदा काळा ठिक्कर. कॅसेट काढा, फुंकर मारा, शर्टाला पुसा, परत घाला, पुन्हा तेच. कॅसेटच खराब निघाली, म्हणत मोठमोठे खेळाडू हात टेकून बसले.

मिस्त्रीणबाईच्या घरी ती कॅसेट मामानं आणली, ती अर्थात दादासाठी. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तो ती घेऊन मित्राकडे जायचा, कारण मित्राकडे रंगीत टीव्ही होता. यांच्याकडे होता तो अर्धा. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि कुणीतरी मोडीत काढलेला टीव्ही त्यांनी दुकानामागच्या खोलीत आणून ठेवला होता. वरच्या अर्ध्या भागात चित्र यायचं, खालचा अर्धा भाग काळा. बातम्या सांगणाऱ्या बाईचं कपाळ आणि डोळे दिसायचे, तोंड कुठे आहे ते समजून घ्यायचं.

तिची शाळा सकाळची, दादाची दुपारची. त्यामुळे बारा ते पाच गेम तिचा. आई शेजारी काजं करत बसलेली, बाहेर वडिलांची ठोकाठोक, आणि ही अर्ध्या टीव्हीसमोर मांडी घालून. गेममधली जमीन, खड्डे, पहारेकरी, सगळं खालच्या बाजूला. झंझावातानं उडी मारली की त्याचं डोकं तेवढं दिसायचं, मग गडी पुन्हा अंधारात. दुसऱ्या कुणी गेम फेकून दिला असता. हिनं कान लावला. खड्डा जवळ आला की पावलांचा आवाज पोकळ होतो. पहारेकरी आधी धापा टाकतो. वरून दगड पडायचा असेल तर पाण्याचे दोन थेंब वाजतात, टप, टप, आणि तिसऱ्याच्या आत तिथून हलायचं. महिन्याभरात तिला सगळा गेम ऐकून पाठ झाला.

सातवी लेव्हल आली तेव्हा वरचं चित्रही गेलं. तिला वाटलं, चला, टीव्ही आता पुरता मेला. पण आवाज चालू होता. आणि आवाज आहे तोवर तिचं काही अडत नव्हतं. ती चालत राहिली. किती वेळ कोण जाणे. मग एकदम वरच्या भागात रात्रीचं शहर उगवलं, खिडक्यांमधून एकेक दिवा लागत गेला, आणि दिव्यांच्या मधोमध एक हात वर आला. हातात निळा मुखवटा.

खाली चेहरा असणार होता. खाली नेहमीचाच काळोख.

संध्याकाळी दादा मित्रांसकट आला तेव्हा ती दुकानाच्या पायरीवरच उभी होती.

"दादा, मी जिंकले! सातवी!"

"सातवी? बरं, सातवीत काय दिसतं सांग."

"काही नाही दिसत. नुसता अंधार असतो."

पोरं फिदीफिदी हसली. दादा पुढे म्हणाला, "अस्सं. आणि त्याचा चेहरा कसा आहे?"

"चेहरा... खाली होता."

यावर जो हशा पिकला तो वर्षानुवर्षं थांबला नाही. 'थापाडी' हे नाव तिथंच पडलं. चल, आत्ता दाखवते, म्हणून ती त्याच्या हाताला धरून ओढत होती, पण त्या डबड्यापुढे बसायला दादा तयार नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यानं ती कॅसेट मोटारींच्या शर्यतीच्या कॅसेटशी बदलून टाकली. पुढे तिनं काहीही सांगितलं, परीक्षेतले मार्क असोत की बसमध्ये सापडलेली छत्री, तो म्हणायचा, "आणि चेहरा खाली होता ना?" तिच्या लग्नात त्यानं नव्या भावजींना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आमच्या बहिणीचं बोलणं जरा अर्धंच धरा हं." भावजी हसले. ती पण हसली. 

आता दादाचं वय पंचेचाळीस, डोक्यावर कायमची टोपी, विमा कंपनीत बरी नोकरी. आणि तो 'झंझावात मंडळा'चा अध्यक्ष. मोठी झालेली ती सगळी पोरं फोनवर एकत्र जमली होती. त्यात एक दातांचा डॉक्टर, एक टॅक्सीवाला, पोस्टातली एक बाई, असे दोनेकशे जण. कुणी जुने खोके कॅसेटसकट जपलेले, कुणाला सगळ्या भागांचे संवाद पाठ. दादानं मंडळासाठी एक लांबलचक लेखही लिहिला होता, की कंपनीला सातवी लेव्हल करायला वेळच मिळाला नाही, तो गेम अपुरा आहे, चेहरा कधी काढलाच गेला नाही. लोकांनी वाचून उसासे टाकले होते. बहिणीनंही वाचला. खाली एक अंगठा दाबला आणि फोन ठेवून दिला.

मंडळाचा पहिला मेळावा एका रविवारी दुपारी, शाळेचा हॉल घेऊन. दोन वाजता तिचा फोन वाजला.

"अगं, ये ना जरा. गेमच्या रिमोटचं उडीचं बटण दाबलं जात नाहीये. चाळीस माणसं येऊन बसलीत. तुझी ती पिशवी घेऊन ये."

"मेळाव्याला बोलावलं नव्हतंस मला."

"तुला कुठे त्यात काय वाटतं! येतेस ना?"

तिनं फोन ठेवला. पिशवी घेतली आणि गेली.

हॉलमध्ये नुसती जत्रा. चाळिशी उलटलेली माणसं, गळ्यात पिवळी फडकी. डॉक्टर शीळ घालून दाखवत होता आणि पोस्टातली बाई त्याला "खोटी! खोटी! खरी याच्या वरच्या सुरातली!" म्हणून ओरडत होती. टेबलावर जुना जाडजूड टीव्ही, धडधाकट, खालपासून वरपर्यंत चित्र, आणि त्याला जोडलेला तोच गेम. मिस्त्रीणबाईनं रिमोट उघडला, आतलं रबर स्पिरिटनं पुसलं, बटणाला पुन्हा वीज लागावी म्हणून त्यावर शिसपेन्सिल घासली, परत आवळला.

"झालं. बघते चालवून."

पहिली लेव्हल गेली. दुसरी गेली. टॅक्सीवाला घसा खाकरून म्हणाला, "ताई, बटण ठीक दिसतंय. आमचा नंबर लावा की."

"जरा थांबा. मधेच अडकतं का बघते."

पाचवीला लोक खुर्च्या ओढून भोवती बसले. सहावीला दादा धावतं वर्णन करायला लागला. ती सहावीतून बाहेर पडली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि पडदा काळा झाला.

"बघा मंडळी," दादा टीव्हीकडे वळत म्हणाला, "लेखात लिहिलं तेच. इथं संपतं." आणि त्यानं बंद करायला हात पुढे केला.

"हात लावलास तर बघ."

दादाचा हात हवेतच राहिला. बहिणीचा असा आवाज त्यानं ऐकलेला नव्हता. कारखान्यात एकशे चाळीस मशिनांवरून ऐकू जातो तो हा.

"अगं, काहीच दिसत नाहीये."

"दिसत नाहीच. दिवे काळोख्यानं गिळलेत. लेव्हलच तशी आहे."

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणालं आवाज येतोय, कुणी म्हणालं पंख्याचा आहे. त्या गलक्यात ती पहिल्याच खड्ड्यात पडली. तीन जिवांतला एक गेला. दुसऱ्यांदा दगड पडला, थेंब तिला ऐकूच आले नाहीत. दुसरा गेला. उरला एक.  आता हा गेला तर ती जन्माची थापाडी, आणि या वेळी चाळीस साक्षीदारांसमोर.

"पंखे बंद करा," ती म्हणाली. "आणि कुणी हुं की चूं करायचं नाही. डॉक्टर, ती पिशवी वाजवू नका."

डॉक्टरनं वेफर्सची पिशवी मांडीखाली घातली. पंखे घरघरत थांबले. आणि मग सगळ्यांना ऐकू आलं. टीव्हीच्या आतून कुणीतरी चालत होतं. टुक, टुक, टुक.

तिनं डोळे मिटले. पावलं पोकळ झाली, उडी. धाप ऐकू आली, ती थांबली, धाप लांब गेली, पुन्हा पावलं. टप, टप, आणि ती पुढे सटकलेली, मागे धाडकन दगड. पोस्टातल्या बाईनं तोंडावर फडकं दाबून धरलं होतं. दादा खाली बसला होता, बहिणीच्या शेजारी, फरशीवर. तो पडद्याकडे बघत नव्हता, तिच्या अंगठ्यांकडे बघत होता. ते उगाच हलत नव्हते. प्रत्येक वेळी आधी काहीतरी वाजत होतं आणि मग अंगठा दाबला जात होता. तिसऱ्या दगडाला दादाला स्वतःलाच थेंब कळले.

मग पडद्यावर शहर उगवलं.

दिवे लागत गेले. हात वर आला, हातात मुखवटा. इथवर तिला ठाऊक होतं. पुढचं बघायला तिनं डोळे मोठे केले, आणि त्या धडधाकट टीव्हीत, बरोबर खालच्या भागात, चेहरा आला.

टक्कल. चकचकीत, गोल टक्कल. खाली जाड्या मिशा. आणि दोन ठिपक्यांचे डोळे मिटून-उघडून तो सगळ्यांकडे बघत हसत होता.

टॅक्सीवाल्यानं आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आयला. हा तर आपल्यातलाच."

हॉल फुटायचा बाकी राहिला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, टकल्यांना उचलून धरत होती. दादाची टोपी कुणीतरी उडवली आणि "झंझावात! झंझावात!" असा घोष सुरू झाला. मिस्त्रीणबाई पडद्याजवळ सरकून एकटक बघत होती. इतकी वर्षं तिनं तिथं किती चेहरे बसवून पाहिले होते. राजबिंडे, रागीट, कधी वडिलांचासुद्धा. हा त्यातला कुठलाच नव्हता, आणि तिला तो फार म्हणजे फार आवडला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं तेलकट फडक्यानंच पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला.

गोंगाट जरा खाली बसल्यावर दादा उभा राहिला. त्याला दोन शब्द बोलायचे होते, अध्यक्ष म्हणून. 

"माझा लेख," तो म्हणाला, "साफ चुकीचा आहे. हिनं मला सांगितलं होतं. त्याच दिवशी. सगळं खरं खरं सांगितलं होतं. मीच..."  तो बहिणीकडे वळून हळूच म्हणाला, "अगं, मग तू भांडली का नाहीस?"

"भांडले की. तू हसत होतास, तुला ऐकू आलं नाही."

दादानं मान खाली घातली. मग रिमोट तिच्यापुढे धरला. "मला शिकवशील?"

"बस."

सहाव्या लेव्हलपर्यंत तो भराभर आला, त्यात त्याला कुणी शिकवायला नको होतं. पडदा काळा झाला. चाळीस माणसांनी आपण होऊन श्वास रोखले. टुक, टुक, टुक. दादाचे अंगठे बटणांवर घुटमळत होते.

"मला काही कळत नाहीये गं. कधी मारू?"

"मी सांगते तेव्हा."

"नक्की?"

"चाल. चालत राहा. अजून नाही. अजून नाही..." ती त्याच्या कानाशी वाकली. "आता मार उडी."

आणि कुठे, कशावरून, पुढे जमीन आहे की नाही, काही एक न विचारता दादानं उडी मारली.