भिंतीवर कुणाचा किरोगा

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या शोभना दातारांनी औषधांच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं गोळ्या तपासल्या. डोळ्याला भिंग लावायचं, टवका उडालेली किंवा ठिपका पडलेली गोळी दिसली की बाजूला काढायची. रिटायर झाल्यावर ही नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच पडला. काही दिवस त्यांनी घरातले तांदूळ, मैत्रिणींच्या पैठण्या आणि नवऱ्याची, म्हणजे अरुणरावांची, दाढी तपासून पाहिली. मग एकदा गाडीचं टायर बदलून मिळेपर्यंत वेळ काढायला त्या शेजारच्या, डेल नावाच्या माणसाच्या दुकानात शिरल्या, आणि तिथली बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेली, जमवायची कार्डं बघून त्यांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. कोपरे तपासायचे, कडा तपासायच्या, छपाई बरोबर मध्यावर आहे का बघायचं, आणि हे सगळं लोक चक्क हौसेनं करतात.

तीन वर्षांत शोभनाकाकू त्यात पक्क्या मुरल्या. रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या मोसमात निघालेलं कार्ड, सगळ्यात भाव खातं एवढं कुणीही सांगेल. पूर्वी एका खेळाडूचं असं एखाददुसरंच निघायचं. आता कार्ड छापणाऱ्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. मातेओ किरोगा नावाचं पोरगं गेल्या वर्षी मोठ्या संघात आलं, तर त्याची रूकी कार्डं साधी, चमचमती, सहीची, निळ्या काठाची अशा पन्नासेक अवतारांत निघाली. त्यातलं खरं हवंहवंसं कोणतं, यावरून डेलच्या दुकानात जेवढी भांडणं झाली तेवढी मराठी मंडळाच्या निवडणुकीतही होत नाहीत.

शेवटी डेलनं एका रविवारी निकाल लावायचं ठरवलं. प्रत्येकानं किरोगाचं एकच कार्ड आणायचं. जे घरी न्यावंसं वाटेल त्याला हात वर करायचा, स्वतःचं सोडून. जिंकेल ते कार्ड वर्षभर काउंटरमागच्या भिंतीवर, फ्रेममध्ये, खाली मालकाच्या नावासकट. त्या भिंतीवर आजवर एकाही बाईचं नाव लागलं नव्हतं. काकूंना ती भिंत स्वप्नात दिसायला लागली.

त्यांच्याकडे किरोगा तीन होते. साध्याचे कोपरे सुईसारखे टोकदार, पण साधा तो साधाच. चमचमत्याची छपाई केसभर डावीकडे सरकलेली, आणि भिंगाखाली ती त्यांना दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी छळायची. राहिला सहीवाला. तो नुकताच आला होता आणि त्यात खोड म्हणून काढायला जागा नव्हती. रविवारी सकाळी काकूंनी तो डबीतून काढला आणि शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून देव्हाऱ्याजवळच्या खिडकीत ठेवला, कारण घरात चांगला उजेड तिथेच येतो. तेवढ्यात फ्रीमाँटहून मुलीचा, मोनाचा फोन आला.

फोन संपवून त्या परत आल्या तेव्हा अरुणरावांची पूजा आटपली होती. अरुणरावांचा नेम सोपा होता. घरात नवीन वस्तू आली आणि देवासमोर दिसली, की तिला कुंकू लावायचं. गाडीच्या किल्ल्या, मोनाचा लॅपटॉप, डिशवॉशर, कुणीही त्यातून सुटलं नव्हतं. त्यांच्या ग्रीन कार्डावरचा गुलाबी डाग बघून एकदा एअरपोर्टवरचा ऑफिसर बराच वेळ विचारात पडला होता.

किरोगाच्या कपाळावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

"अहो, हे काय केलंत?"

"तूच ठेवलं होतंस ना देवासमोर? म्हटलं, आज कॉन्टेस्ट आहे, लावावं."

"झालं. व्हॅल्यू झीरो झाली त्याची."

अरुणराव आपल्या लाल बोटाकडे बघत राहिले. "मग दुसरं ने ना. सॉरी यार."

काकू चिडणारच होत्या. किती नुकसान झालंय ते बघायला त्यांनी भिंग लावलं. टिळा दोन भुवयांच्या बरोबर मध्ये होता, ना डावीकडे, ना उजवीकडे. आणि त्याखाली किरोगा बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरदेवासारखा हसत होता. काकूंना हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. अरुणराव आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. डोळे पुसत काकूंनी साधा आणि चमचमता कपाटात ठेवून दिले.

"हाच नेते," त्या म्हणाल्या. "होऊ दे काय व्हायचं ते."

दुकानात चौदा जण जमले होते. टीव्हीवर किरोगाचाच सामना चालू होता, आणि महिनाभर बिचाऱ्याची बॅट चालत नव्हती.

"मिसेस डी, यावर काय सांडलंय?" डेलनं विचारलं.

"सांडलेलं नाही. माझ्या हजबंडनं ब्लेसिंग दिलंय."

सगळ्यांनी सभ्यपणे माना डोलावल्या. काकूंच्या कार्डासाठी एकच हात वर गेला, शेजारच्या देवांगचा, आणि त्याला दर शनिवारी काकूंकडे थालीपीठ मिळायचं. भिंत गेली. काकू कार्ड उचलायला वाकल्या, तेवढ्यात टीव्हीवर खणखणीत आवाज झाला. किरोगानं चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला होता. महिन्यातला त्याचा पहिला होम रन.

बेसबॉलवाले शकुन-अपशकुनात आपल्या आत्यांनाही मागे टाकतात. संघ जिंकत असेपर्यंत डेल टोपी धूत नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "कुणीही हलू नका. कार्ड आहे तिथेच राहू दे."

चौदा माणसं तासभर जागची हलली नाहीत. किरोगा पुन्हा खेळायला आला आणि त्यानं दुसराच चेंडू पुन्हा प्रेक्षकांत घातला.

मतं नव्यानं घेतली गेली. काकू सोडून सगळ्यांचे हात वर होते. काकूंनी आनंदाच्या भरात काउंटरवर थाप मारली.

डेलनं फ्रेम काढली, कार्ड अलगद उचललं आणि वाळलेलं कुंकू झटकायला मऊ फडकं घेतलं. काकूंनी त्याचं मनगट धरलं. ठिपका दिसला की माल बाजूला काढण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

"पुसू नकोस, डेल," त्या म्हणाल्या. "बरोबर मध्यावर आहे तो."