बशीत न विझणारा सिगार

शिंपीमास्तरांनी बायकोला दिलेला शब्द मोडला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून उगाच गैरसमज व्हायचा. शब्द असा होता, की सिगार पुन्हा ओठाला लावणार नाही. खोकला हटेना, डॉक्टरांनी छातीला नळी लावून मान हलवली, आणि बाईंनी तिथल्या तिथे, डॉक्टरांच्या देखत, हे वदवून घेतलं. मास्तर मापात अर्ध्या बोटाची कसर सोडत नसत, आणि शब्द घेताना आपणही सोडली नाही असं बाईंना वाटत होतं.

हा नाद लागला तो एका गिऱ्हाइकामुळे. जहाजावरचा कप्तान. त्यानं कोट उसवून सैल करायला टाकला, तर वरच्या खिशात एक लांब, पेन्सिलीएवढा बारीक क्यूबाचा सिगार. मास्तर परत द्यायला गेले तर कप्तान म्हणाला, "राहू द्या. हातानं वळलेला आहे. तुम्ही कारागीर माणूस, तुम्हाला कळेल." झालं. माणसाला एकदा 'तुम्हाला कळेल' म्हटलं, की त्याचं काही खरं नसतं.

कप्तान येता-जाता दोन-चार आणून देई आणि मास्तर निवांत दुपारी दुकानावरच्या घरात, मागच्या गॅलरीत, परीक्षेला बसत. परीक्षाच ती. वरच्या पानाचा पीळ शिवणीसारखा एकसारखा चढलाय का बघायचं. बोटांत हलकेच दाबून कुठं पोकळ लागतोय का चाचपायचं. कानाशी फिरवायचा, करकरला तर वाळला. मग काजं कापायच्या कात्रीनं टोक उडवायचं. आणि सगळ्यात वरची कसोटी त्यांची स्वतःची. गिऱ्हाइकाचा खांदा मापता मापता ते सांगत, "अस्सल हातवळणीचा असेल ना, तर बशीत ठेवा, खाली जा, ट्रायल घ्या, वर या. तसाच पेटलेला. विझला तो यंत्राचा." गिऱ्हाईक बिचारं हात वर करून उभं. हो म्हणण्याशिवाय करतं काय?

आता दैव बघा कसं. इकडे शब्द दिला आणि तिकडे कप्तान नोकरीतून सुटला, जाताना मास्तरांना अख्खी पेटी देऊन गेला. मास्तरांनी ती अस्तराच्या कापडांत दडवली. रोज उघडून वास घ्यायचे. दुधाची तहान ताकावर. पण एक दिवस कानाशी फिरवताना सिगार किंचित करकरला. कप्तानाची शेवटची भेट, कशी आहे हे कळायच्या आत तिची काडी होणार.

त्यांना मार्ग सुचला. ओठ आपले नकोत, एवढंच ना?

बायकोचा धाकटा भाऊ रंगारी होता. बहिणीला वाघाला घाबरावं तसा घाबरायचा, म्हणजे तोंड उघडणार नाही. फक्त एक गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली नाही. आयुष्यभर टर्पेंटाइन हुंगून त्याच्या नाकाचा केव्हाच निकाल लागला होता.

बाई खाली बटणं लावत बसलेल्या बघून दोघं गॅलरीत बसले. मेहुण्यानं सिगार पेटवला आणि ओली चूल फुंकावी तसा झुरक्यावर झुरका लावला.

"अरे, हळू," मास्तर म्हणाले. "बारीक सिगार लवकर तापतो. घाई केलीस की कडू. धूर तोंडात खेळव, गिळू नकोस. हां. आता सांग, काय लागतंय?"

मेहुण्यानं डोळे मिटले. "धूर."

"धूर आहेच रे. धुरात काय आहे?"

"भाऊजी, खरं सांगू? भिंत ओली असताना डिस्टेंपर मारला की कसं..."

"भिंत सोड. लाकूड लागतंय का? कॉफी? चामडं?"

"चामडं कुणी खातं का?"

"बरं, सुरुवातीपेक्षा आता काही बदल?"

"आता गरम लागतंय. दुसरा हात मारायच्या आधी जरा वाळू द्यायला हवं होतं."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दारात बाई. धूर इस्त्रीच्या कोटांपर्यंत पोचला होता. मेहुण्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"कोण ओढतंय?"

"मी, ताई."

"तू? तुला उदबत्तीनं ठसका लागतो."

"अगं, मी ओठाला लावलेला नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "विचार याला."

"ते दिसतंय. पेटी कुठाय?"

मास्तरांनी पेटी पुढे केली. आता ही खाली कचऱ्यात जाणार, हे धरूनच चालले होते. बाईंनी ती काखेत मारली, भावाच्या बोटांतून सिगार काढला, राख पडू न देता खुर्चीत बसल्या आणि एक छोटासा झुरका घेतला. धूर तोंडात घोळवला. सावकाश सोडला.

"सुरुवात लाकडाची असणार, ती यानं जाळली," त्या म्हणाल्या. "आता भाजलेली कॉफी आहे. मागं थोडा मिऱ्याचा झणका. किंचित वाळलाय. पण हात चांगला आहे वळणाऱ्याचा."

मेहुणा बघतच राहिला. मास्तर पुढं वाकले. "तुला... हे कुठून?"

"तुम्ही बशीत ठेवून ट्रायल घ्यायला खाली जायचात. हातानं वळलेला काय, कसलाही असो, ओढला नाही की विझतोच. आणि तो विझला की तुम्ही दिवसभर तोंड पाडून बसणार. मग अधूनमधून एक झुरका मारून जागा ठेवायचे मी."

"म्हणजे तो माझा... न विझणारा..."

"वर येऊन किती आनंदानं सांगायचात. मोडवेना."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले. किती खांदे मापले होते त्यांनी ती कसोटी सांगत. मेहुणा मात्र हळूच उठला, "भाऊजी, मी सुटलो ना?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरला.

मास्तरांचा हिरमोड ओसरला आणि हाव परत आली. स्टूल जरा जवळ सरकवत त्यांनी विचारलं, "अगं, आता काय लागतंय? चामडं आलं का?"

बाई डोळे मिटून मागं टेकल्या होत्या. "बोलू नका जरा," त्या म्हणाल्या. "आधी संपू द्या."