काकांना भेटायला आलेलं गाव

देवगाव रंगारीत म्हशीनं काकांना उडवलं. डोक्याला पट्टी बांधायच्या आधीच त्यांनी बजावलं, "सरकारीत नेऊ नका. पाटील माणूस वऱ्हांड्यात झोपंल व्हय?" म्हणून मी त्यांना शहरात पुंडलिकनगरच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. एसी, टीव्ही, पांढरीशुभ्र चादर. काका एकदम खूश.

ही खुशी दुसऱ्याच दिवशी ओसरली, कारण भेटायला कुणी येईना. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या खाटेभोवती किती माणसं बसतात यावर ठरते. काकांनी तर पंचक्रोशीतला एक आजारी सोडला नव्हता. मूळव्याधीचा एक पेशंट नको नको म्हणत असताना त्यालाही ते भेटून आले होते. आता दारावरच्या वॉचमनला विचारायचे, "कोणाला वापस तर नाय ना धाडलं?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मेलो असतो तर आले असते." मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

शेवटी गावात फोन लावून काकांच्या शेजाऱ्याला मी चांगलंच झापलं. तो उलट माझ्यावरच उखडला. "रोज टेम्पो भरून येतोय की! काल मीच नारळपाणी पाजलं. लई वाळलेत काका," म्हणून त्यानं फोनच ठेवला.

मग मला उलगडा झाला. आमच्या गावाला दवाखाना म्हणजे सरकारीच. दुसरा असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिथं वॉर्डात डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या गुंडाळलेला, फक्त पांढऱ्या मिशा बाहेर असलेला एक म्हातारा दिसला आणि गाव त्याच्याभोवती बसलं. त्याला बोलता येत नव्हतं. आमच्या गावानं कुणाला बोलू दिलंही नसतं म्हणा.

त्याच दिवशी काकांना डिस्चार्ज मिळाला. मी हे सांगताच ते तणतणत रिक्षानं थेट तिथं पोचले. खाटेभोवती अख्खी भावकी. म्हाताऱ्याला कुणी धपाट्याचा मऊ घास भरवत होतं, कुणी पाय चेपत होतं. दारात दुसरे काका बघून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. म्हाताऱ्याच्या जबड्याची पट्टी त्याच सकाळी सुटली होती.

"ही माझी माणसं हायेत!" काका गरजले. "तुम्ही सांगायचं नाय व्हय?"

"मय शहागंज का दर्जी, साब," म्हातारा हळूच म्हणाला. "घर में अकेला हूं. मेरेकू देखने कोई तो आया. कायकू बोलता, के तुमारे हैं?"

 तोवर मंडळी ओशाळून चपला शोधायला लागली होती, डबे आवरायला लागली होती. काकांनी स्टूल ओढलं, खाटेला लावून त्यावर बसले आणि मंडळींवर खेकसले, "कुठं निघाले? पेशंटाला असं टाकून जातात व्हय? बसा खाली!"