गोठाची चंद्रकोर

यमुनामावशी गेल्याचा निरोप त्यांच्या नातवाने, किसनने, आणला तेव्हा मी लोणावळ्याच्या आमच्या दुकानात चिक्कीच्या खोक्यांवर लेबलं चिकटवत बसलो होतो. बाहेर धुकं दाट होतं. तो दोन वाक्यं बोलून त्यात विरघळून गेला, आणि खरंच कुणी आलं होतं की मला डुलकी लागली होती, हे काही वेळ कळेना... हातातल्या लेबलावर चंद्रकोर होती. ती आमची नव्हे, हे सांगायला मी फार उशीर केला.

मावशी आमच्याकडे कामाला आल्या ते एकोणीसशे साठच्या आसपासचं वर्ष असावं. मावळातल्या डोंगरवाडीतल्या, नवरा नुकताच गेलेला. रीतीप्रमाणे हातातलं सगळं उतरलेलं, पण मनगटातला चांदीचा एक दाणेदार गोठ त्या कनवटीला ठेवत. गरम चिक्की फरशीवर थापली, की गोठाला तुपाचं बोट लावून त्याची कड तिच्यावर दाबायच्या. कड चिकटली नाही, म्हणजे वड्या पाडायची वेळ झाली. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "हातात घालायचा न्हाई म्हनत्यात. कामाला तर लागंल."

पुढे हौसेने त्या प्रत्येक वडीवर त्याची कड तिरपी दाबू लागल्या. गुळाच्या वाफेत त्यांचा हात दिसेनासा व्हायचा आणि फरशीभर चंद्रकोरी उमटत जायच्या. स्टेशनात गाडी थांबली की खिडक्यांतून लोक चंद्रकोरीची चिक्की मागू लागले. मग दुसरेही डब्याच्या झाकणाने तसाच ठसा मारून खवट दाण्यांची चिक्की खपवू लागले. मावशीच चिडल्या. "आपली म्हनून खात्यात आन् शिव्या आपल्याला. कायतरी करा की, भाऊ."

मी मुंबईला ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. खूण कुणी काढली, कधीपासून वापरात आहे, असं विचारलं होतं. मी वडिलांचं नाव लिहिलं; पुढे लेबलावरही खूण त्यांनीच काढल्याची गोष्ट छापली. मावशींचं नाव मनात आलंच नाही, असं म्हणायला मला आवडेल. पण आलं होतं. नोंदणी झाली त्या दिवशी मावशींनी भट्टीवर सगळ्यांना गुळाचा खडा दिला. "आता कुनी न्हाई चोरायचं."

काही वर्षांनी दिवसभर भट्टीपाशी उभं राहणं त्यांच्या गुडघ्यांना झेपेना. त्या घरीच थोडी चिक्की करून आठवड्यातून एकदा टोपली घेऊन स्टेशनवर बसू लागल्या. वड्यांवर चंद्रकोर होतीच. आमचे वकील तेव्हा नक्कल करणाऱ्या सगळ्यांना नोटिसा धाडत होते. त्यांच्या यादीत मावशींचं नाव मी पाहिलं, आणि राहू दिलं.

नोटीस घेऊन त्या माझ्याकडेच आल्या. "वाचा बरं, भाऊ. आमच्यात कुनाला येतंय?" मी वाचली. हनुवटीखाली हात धरून, गोष्ट ऐकावी तशा त्या ऐकत राहिल्या...

"म्हंजी मी माजंच चोरलं व्हय?" त्या हसल्या.

"मावशी, कायदा आहे."

"आसू द्या. चोर लय झालेत, तुमचं बी खरं." कनवटीचा गोठ त्यांनी चाचपून पाहिला आणि उठल्या.

त्यानंतर त्यांच्या वड्या कोऱ्या असत. कुणी चंद्रकोरीची मागितली, तर आमच्या दुकानाकडे बोट करून म्हणत, "ती तितं मिळती. जावा." हे मला गिऱ्हाइकांनीच सांगितलं.

तेरावं झाल्यावर वाडीवर गेलो. खूण तुझ्या नावावर करून देतो, असं किसनला म्हणालो. तो वराळ्याजवळच्या कारखान्यात कामाला आहे. "मी काय करू, आबा, तिचं? चिक्की कोन करतंय आता?" त्याच्या आवाजात राग नव्हता. लेबलावरची वडिलांची गोष्ट मी काढून टाकली आहे. चंद्रकोर यमुनामावशींची, असं आता तिच्या जागी छापलं जाईल.

निघताना पाणी प्यायला आत वाकलो. चुलीच्या अंगावर, भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत चंद्रकोरीच चंद्रकोरी. सारवणाच्या थराखाली थर, पाण्यात बुडालेल्यासारख्या पुसट.

"ते कागूद आल्यापास्नं आजी हितंच दाबायच्या," किसनची बायको म्हणाली. ती चूल सारवत होती. बोलता बोलता तिने मनगटातला तोच दाणेदार गोठ उतरवला, ओल्या मातीत त्याची कड दाबली, पदराने पुसला आणि परत हातात घातला.