बाबांच्या बोटावरची पट्टी

माझे वडील, उत्तमराव, हे डावखुरे होते. भिंगारला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात ते सिव्हिलियन मिस्तरी होते. स्प्रिंग डाव्या हाताने दाबायची आणि तिच्यात किती दम उरलाय ते सांगून टाकायचं, ही त्यांची ख्याती. सत्त्याण्णव साली नेमका तोच हात लकव्याने गेला. मूठ वळली ती सुटेचना. डॉक्टर म्हणाले, बोट जरासं हललं तरी आशा आहे. हललंच नाही तर हात गेला म्हणा. झालं, घरात सगळ्यांचं लक्ष बाबांच्या एका बोटावर. मला सकाळी ते हललंसं वाटे, संध्याकाळी वाटत नसे.

माझी बहीण अश्विनी पुण्याला संशोधन करत होती. म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. भट्टीत नळी, नळीत जस्ताची पूड, आणि नळीच्या थंड टोकाला पांढरी लव उगवायची. त्यातली केसाहून बारीक एक तार उचलून ती प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायची. पट्टी वाकली की तारेत वीज तयार होते म्हणे. भट्टीत हिचं डोकंच शेकलंय, असं माझं मत होतं.

तरी सुट्टीला येताना पट्टी आणि वीज मोजायचं काट्याचं मीटर आणायला तिला मीच लावलं. डोळ्यांना दिसत नाही ते काट्याला तरी दिसेल!

आईने आधी सगळ्यांना अर्धा अर्धा कप चहा दिला. हल्ली ती अर्धाच द्यायची. बाबा घरी बसल्यापासूनची काटकसर, असं आम्ही धरून चाललो होतो.

अश्विनीने पट्टी प्रथम माझ्या बोटाला लावली. बोट वाकवलं, काटा उडाला. तसंच वाकवून धरलं, तर काटा परत शून्यावर.

"बिघडलं," मी म्हणालो.

"बिघडलं नाही रे. हालचाल झाली तरच ती सांगते. वाकून बसलेल्याचं तिला काही नाही."

मग बाबांची पाळी. आईने त्यांची मूठ हातात धरली, अश्विनीने पट्टी चिकटवली. काटा हलला!

"अवो, हललं की!" आई रडायलाच लागली.

बाबा गोंधळले. "म्या तर कायबी केलं न्हाई."

"केलंत हो बाबा!" मी ओरडलो. माणसाला स्वतःचं बोट कळू नये? मला रागच आला. काटा पुन्हा हलला.

"आरं, न्हाई म्हंतो ना!"

अश्विनीच्या कपाळाला आठी पडली. "आई, हात सोड जरा."

आईने सोडला. काटा शून्यावर. तिने पुन्हा धरला, काटा हलू लागला.

"म्हंजी हाय का न्हाई?" आई मलाच विचारायला लागली. मी आणि अश्विनी काट्याकडेच बघत होतो.

बाबा मात्र काट्याकडे बघत नव्हते, आईच्या बोटांकडे बघत होते. त्यांचं बोट हललंच नव्हतं. थरथरत होता तो आईचा हात.

"भागिरथी, सांडंल म्हनून तू चहा अर्धा देतीस व्हय? कवाधरनं हाय हे?"

आईने हात पदराखाली घेतला.

बाबांनी उजव्या हाताने आपल्या बोटावरची पट्टी ओढून काढली आणि अश्विनीपुढे धरली. "माजं राहू दे. आधी हिचं बघ."