मालकीणबाईंचे उघडे डोळे

कुणाच्या बापाला न भिणारा वेल्डर त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात बाकड्याच्या कडेला अंग चोरून बसला होता. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात मालकीणबाई. मांजर त्याच्या शेडमधली, पण तिथला रुबाब तिचा. म्हणून हे नाव. तिच्या दाढा सडल्या होत्या, हिरड्यांत पू झाला होता. समोर घास ठेवला तरी नुसता हुंगून मागे सरायची.

"अर्धीच भूल द्या," तो डॉक्टरीणबाईंवर गुरकावला. "पुरती झोपवली आणि उठलीच नाही तर?"

"अर्ध्या भुलीत ती हलेल. तोंडातलं पाणी, रक्त फुप्फुसात जाईल. त्यापेक्षा श्वासनळीत नळी घालायची, पुरतं झोपवायचं. जबडा वेगळा बधिर केला की भूलही कमी लागते. रक्त तपासलंय, मूत्रपिंडं ठीक आहेत."

"लोखंड वाकवणारा गडी, आणि मांजरीपुढे मेण झालास की रे!" सोबत आलेली त्याची ताई हसली. "दे तो पिंजरा."

दिला. पण बूड टेकेना. शेवटी दाराच्या काचेला नाक लावलं. मालकीणबाई आडवी, जीभ बाहेर, डोळे टक्क उघडे.

तो दार ढकलून आत घुसला. "मेली ती! मारलीत तिला!"

"आवाज खाली," मान वर न करता बाई म्हणाल्या. "भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात. कोरडे पडू नयेत म्हणून मलम घातलंय. उगाच बोंबलू नका, ती पिशवी बघा."

लिंबाएवढी रबरी पिशवी. फुगत होती, बसत होती. तिच्या नळीमागून त्याची नजर कोपऱ्यात गेली. ऑक्सिजनची टाकी! त्याच्या शेडमधल्यासारखाच काटा, तसाच पितळी नळ. ज्याच्या जोरावर तो जाडजूड लोखंड लोण्यासारखं कापायचा, तोच वायू इथे हलकी फुंकर होऊन मूठभर जीव तरंगत ठेवत होता. वेल्डरने आपोआप पायातल्या चपला काढल्या. 'मांजरच तर आहे' म्हणणाऱ्या शहाण्यांना तिथे उभं करायला हवं होतं.

दाढा निघाल्या. बाईंनी भुलीचा वायू तोडला, नुसता ऑक्सिजन ठेवला. मालकीणबाईने घोट गिळला तशी नळी अलगद ओढून काढली आणि तिला कोमट टॉवेलात गुंडाळलं.

"तोंडाजवळ हात नेऊ नका. शुद्धीवर येताना ती कुणालाच ओळखत नाही."

कान हलत नव्हता, शेपूट हलत नव्हती. मागोमाग आत आलेल्या ताईचीही थट्टा आटली. एवढ्यात मिशी थरथरली. वेल्डरला कुठला धीर? बोट पुढे गेलंच.

फिस्स!

"ओरखाडलं गं ताई!" रक्ताळलेलं बोट नाचवत तो बाहेर धावला आणि बाकड्यावरच्या अनोळखी माणसांना एकेक करून दाखवू लागला. "बघा, बघा! काय खोल ओरखाडलंय!"