कवडू फिटरनं घासू न दिलेली बंदूक

मँगनीजच्या खाणीत आम्ही बावीस वर्षं एका वर्कशॉपात होतो. मी घण मारायचो, कवडू फिटर. अडकलेला बोल्ट तो रॉकेलात भिजत ठेवायचा आणि दुसरं काम घ्यायचा. मी हातोडी उचलली की म्हणायचा, "तुटंल, पन निंगनार नाही."

१९८६ साली रामाकोन्याची केसरबाई त्याच्याकडे छऱ्याची जुनी बंदूक घेऊन आली. जामसांवलीच्या जत्रेत तिचं फुगे फोडायचं दुकान. नवरा गेल्यावर घर त्यावरच चालायचं. बंदूक नवऱ्याला खाणीच्या इंग्रज साहेबानं जाताना दिलेली. आता छर्रा फुग्यापर्यंत पोचेना. नव्या दोन बंदुकांना सातशे रुपये लागणार होते, आणि जत्रा दोन महिन्यांवर. भंगारवाला साठ देत होता.

"भंगारात देऊ नको, वहिनी," कवडू म्हणाला. "नागपूरले जुन्या मालाचा लिलाव होते. शौकीन लोक येते तिथं. तिथं नेऊ."

त्यानं बंदूक खोलली. तेलाचा फडका आणि तांब्याच्या पैशाची कड, एवढ्यावर आठ दिवस गंज काढला. खालून कारखान्याचं नाव आणि नंबर निघाला. आतला, हवेचा दाब धरणारा चामड्याचा वायसर कुजला होता. त्यानं नवे तीन कापले, दोन फेकले, तिसरा बसवला.

नवव्या दिवशी कवडू जेवायला गेला आणि केसरबाईचा दीर दादाराव पॉलिश पेपर घेऊन बसला. शेजारी वॉर्निशचा डबा. कवडू परतला तोवर नळीच्या टोकाकडचा कारखान्याचा मूळ काळा रंग इंचभर गेला होता.

"काय करून राहिला बे?"

"चमकवून राहिलो. शिंगं रंगवल्याबिगर बैल बाजारात नेतं का कोनी?"

"बैल इकत घेनारा चारा घालते. हे घेनारा नंबर वाचते. ठेव तो कागद."

लिलावाला कवडू, केसरबाई आणि मी गेलो. आमच्याआधी तसलीच एक बंदूक निघाली. आरशासारखी चमकत होती. अडीचशेला गेली. केसरबाईनं पदर तोंडाला लावला. "आपली तर काळीच आहे, भाऊ."



आमची निघाली तेव्हा चष्मेवाले दोन गृहस्थ तिला खिडकीपाशी घेऊन गेले. नंबर वाचला, नळी बिजागरीपाशी खाली वाकवून दाब पाहिला. एकानं टोकावर बोट ठेवलं. "हे कोणी घासलं?"

"आमच्याच मानसानं," कवडू म्हणाला. "बाकी अंगाले पॉलिश लागलं नाही."

बोली दोनशेपासून निघाली. पाचशेवर बाकीचे गप्प झाले. ते दोघं मात्र थांबेनात. सातशे झाले तेव्हा केसरबाईनं माझं मनगट धरलं. हजारावर सोडलं. एकोणीसशेला हातोडा पडला.

"तीन बंदुका घ्याच्या आता," ती म्हणाली. "दोन नाही."

आम्ही तसेच बंदुकांच्या दुकानात गेलो. कवडूनं दुकानदाराला अकरा पेट्या उघडायला लावल्या. प्रत्येक नळी वाकवून दाब पाहिला. आठ परत केल्या.